ऐनाचे दोन बाक आणि चार कुंड्या: वेंगुर्ल्याजवळच्या एका अंगणाचे प्रकरण

वेंगुर्ले तालुक्यात, समुद्रापासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर असलेल्या एका घरासाठी २०२१ च्या उन्हाळ्यात आम्ही ऐनाच्या लाकडाचे दोन बाक आणि चार मोठ्या लाकडी कुंड्या तयार केल्या. ऑक्टोबरपर्यंत चारपैकी तीन कुंड्यांचे कोपरे उघडले होते आणि डिसेंबरात एक बाक लांबीच्या दिशेने मधोमध चिरला. दुसरा बाक त्याच लाकडाचा, त्याच हातांनी, त्याच आठवड्यात केलेला होता आणि त्याला काहीही झाले नाही. एरवी मी या कामाचा दोष लाकडावर किंवा पावसावर टाकून मोकळा झालो असतो. या दुसऱ्या बाकामुळे ती सोय राहिली नाही.

घर एका निवृत्त शिक्षिकेचे आहे. गावात सगळे त्यांना बाई म्हणतात, म्हणून इथेही तसेच लिहितो. त्यांच्या सासऱ्यांनी बांधलेला साठेक वर्षांचा मांगर, म्हणजे गुरे आणि शेतीचे सामान ठेवायची शेड, पडायला आला होता. तो उतरवताना निघालेले खांब आणि तुळया जळाऊ म्हणून विकण्याऐवजी त्यांतून अंगणात बसायला काहीतरी करावे, अशी बाईंची इच्छा होती. मागणी दोन बाकांची आणि चार कुंड्यांची होती. दोन कुंड्या अंगणातल्या कोटा फरशीवर आणि दोन वरच्या गच्चीवर ठेवायच्या होत्या.

लाकूड जवळजवळ सगळे ऐनाचे होते. सागाची सवय असलेल्याला ऐन पहिल्याच दिवशी आपली ओळख करून देतो. सुकलेल्या सागाचा एक घनफूट अठरा-साडेअठरा किलो भरतो, ऐनाचा चोवीस-पंचवीस. रेषा उलटसुलट असतात, त्यामुळे रंधा एका बाजूने सरळ चालतो आणि पुढच्याच वितीवर टवके काढतो. साध्या पोलादाची पाती अर्ध्या दिवसात बोथट होतात. स्क्रूसाठी आधी ड्रिलने भोक पाडले नाही, तर फळी फाटते किंवा स्क्रूची मुंडी तुटून हातात येते. आमचे मिस्त्री प्रत्येक स्क्रू आधी मेणबत्तीवर घासून घेतात. मी घाईत एकदा तसाच लावू लागलो, तेव्हा ते वर न बघता म्हणाले, "मेण लावा आधी, नायतर मुंडी तुटतली." ती तुटलीच.

मांगरातून सुमारे सव्वीस घनफूट लाकूड निघाले. जमिनीत गाडलेली खांबांची टोके वाळवीने पोखरली होती. खिळ्यांच्या आणि खुंट्यांच्या जागा सोडाव्या लागल्या, आणि आत दडलेल्या एका जुन्या खिळ्याने गिरणीतले पाते खाल्ले, त्याचे पैसेही आम्हीच भरले. हाती लागले तेरा-चौदा घनफूट. कामाला, घट धरून, एकवीस-बावीस लागणार होते. उरलेले आठ घनफूट ऐन आम्ही गिरणीतून, वाहतुकीच्या पासाची प्रत घेऊन, विकत घेतले. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत ऐन आणि किंजळ दोन्ही आहेत, त्यामुळे हे कागद बिलाला जोडून ठेवण्याची सवय चांगली. हे लाकूड "सुकलेले" म्हणून मिळाले होते. झाड आदल्या दिवाळीत तोडलेले होते. म्हणजे दोन इंची फळ्यांना सुकायला जेमतेम चार महिने मिळाले होते, आणि ऐनासारख्या दाट लाकडाला इंचाच्या जाडीमागे एक वर्ष हा उघड्यावर सुकवण्याचा जुना हिशेबसुद्धा तोकडाच पडतो. मला हे माहीत होते. तरी मी फळ्यांना हात लावून "कोरड्या लागतात" असे ठरवले. लाकडाचा वरचा पापुद्रा नेहमीच कोरडा लागतो.

पहिल्या बाकाची बैठक तीन इंच रुंदीच्या सहा पट्ट्यांची होती. दोन पट्ट्यांमध्ये एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फट ठेवली होती आणि प्रत्येक पट्टी खालच्या आडव्या दांड्यांना रुंदीच्या मध्यावर एकेकाच स्क्रूने धरलेली होती. दुसऱ्या बाकासाठी बाईंना सलग पाट हवा होता, जुन्या देवघरातल्या पाटासारखा, फटी नसलेला. आम्ही फळ्या कडेला कड लावून डिंकाने जोडल्या, अठरा इंच रुंदीचा एकसंध पाट केला आणि तो वाकू नये म्हणून खालून तीन आडव्या पट्ट्या दोन्ही कडांपर्यंत घट्ट आवळल्या. जुन्या आणि नव्या फळ्या दोन्ही बाकांत मिसळल्या होत्या. कुंड्या चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच होत्या. बाजूच्या तीन-तीन फळ्या डिंकाने जोडून कोपऱ्यांच्या खांबांना स्क्रूने पक्क्या केल्या, आतून डांबरी रंगाचे दोन हात दिले आणि माती थेट लाकडावर भरली.

स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस पोलादाचे लावायचे ठरले होते. एप्रिलच्या मध्यापासून राज्यात कडक निर्बंध लागू झाले, हार्डवेअरची दुकाने बंद झाली आणि हाताशी होते ते जस्ताचा मुलामा दिलेले साधे स्क्रू आम्ही वापरले. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सामान पोचवले. १६ मे रोजी तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकले. बाईंच्या अंगणातले दोन माड आडवे झाले, प्लास्टिकच्या खुर्च्या शेजारच्या परसात गेल्या, आणि साठ-पासष्ट किलोचे दोन्ही बाक जागचे हलले नाहीत. बाईंनी फोटो पाठवला. त्या फोटोच्या भरवशावर मी पुढचे पाच महिने निश्चिंत होतो.

पहिली तक्रार लाकडाची नव्हतीच, फरशीची होती. जूनच्या पावसात कुंड्यांच्या तळाशी कोटा फरशीवर तपकिरी-काळे ओघळ उमटले. ऐनात टॅनिन भरपूर असते, त्याची साल पूर्वापार कातडी कमावायला वापरतात. हे टॅनिन पावसाच्या पाण्याबरोबर बाहेर येते आणि लोखंडाला भेटले की शाईसारखे काळे पडते. जस्ताचा मुलामा आधीच, ड्रिलच्या भोकांतून स्क्रू आवळताना, ठिकठिकाणी सोलला गेला होता, त्यामुळे प्रत्येक स्क्रूभोवती रुपयाएवढा काळा डाग आणि त्याच्याखाली ओघळ दिसत होता. लाकडावरचे डाग ऑक्झॅलिक आम्लाच्या पातळ द्रावणाने बरेचसे निघाले. फरशीवर मात्र ते वापरता आले नाही, कारण कोटा हा चुनखडक आहे आणि आम्लाने त्याची झिलई जाते. साबण, सोडा आणि काथ्याच्या ब्रशने ओघळ फिकट झाले, गेले नाहीत. आता कुठलेही टॅनिनयुक्त लाकूड फरशीवर ठेवण्याआधी आम्ही ते एक पावसाळा मागच्या अंगणात धुऊ देतो, आणि तेवढा वेळ नसेल तर गिऱ्हाइकाला डागांची कल्पना आधीच देतो.

ऑक्टोबरात मी कुंड्या पाहायला गेलो. लाकूड कुठेही कुजलेले नव्हते. पटाशीचे टोक टेकवून दाबले तर आत शिरत नव्हते. पण बाजूच्या फळ्या बाहेरच्या अंगाला पोटासारख्या फुगल्या होत्या, खांब आणि फळी यांच्यामध्ये करंगळी जाईल एवढी फट होती, आणि स्क्रू उपटून आले नव्हते, तुटले होते. एक खांब वरपासून खालपर्यंत फाटला होता. तुटलेल्या स्क्रूचा एक तुकडा मी अजून टेबलावर ठेवला आहे. तो मधोमध वाकून मग कापला गेला आहे, जणू कोणी पक्कडीने पिळला असावा.

पिळणारे दुसरे कोणी नव्हते, लाकूडच होते. लाकूड ओले झाले की फुगते आणि सुकले की आकसते हे सर्वांना ठाऊक असते, पण किती आणि कोणत्या दिशेला, याचा हिशेब आम्ही सुतारसुद्धा क्वचित मांडतो. लांबीच्या दिशेने हा फरक जवळजवळ नसतोच. रुंदीत तो असतो, आणि वार्षिक वलयांना समांतर दिशेने वलयांना छेदणाऱ्या दिशेच्या सुमारे दुप्पट असतो. साधारण सत्तावीस-अठ्ठावीस टक्के ओलाव्याच्या खाली आल्यावर ही हालचाल सुरू होते. ऐनात ती सागापेक्षा बरीच जास्त आहे. माझ्या अनुभवातला ढोबळ आकडा असा, की ओलावा एका टक्क्याने बदलला तर सपाट कापलेल्या (म्हणजे जिच्या रुंदीला वलये साधारण समांतर असतात अशा) फळीची रुंदी सुमारे पाव टक्का, कधी थोडी अधिक, बदलते. आता कुंडीचा हिशेब मांडा. फळ्या लावताना बाहेरून बारा-तेरा टक्के ओलावा होता. आत ओली माती चार महिने चिकटून राहिली, डांबरी रंगाला स्क्रूंच्या जागी भेगा होत्या, म्हणजे आतला भाग पंचवीसच्या वर गेला. तीन फळ्या जोडून केलेल्या अठरा इंचांच्या पाटीत ही वाढ अर्धा ते पाऊण इंच होते. बाहेरचा भाग त्या मानाने कोरडा, म्हणून पाटी वाकते. आणि दाट लाकूड फुगताना जो जोर लावते तो हलक्या लाकडापेक्षा कितीतरी मोठा असतो. आंब्याच्या किंवा सिल्व्हर ओकच्या पेटीत स्क्रूभोवतीचे लाकूड दबले असते आणि गोष्ट तिथेच मिटली असती. ऐन दबत नाही, म्हणून स्क्रू तुटतो. आम्ही ज्या गुणासाठी ऐन वापरले होते, त्याच गुणाने आमचा सांधा मोडला.

बाकाचे उलटे झाले. पावसाळाभर तो पाट ओलावा धरून होता. नोव्हेंबरापासून उत्तरेकडचा कोरडा वारा सुरू झाला. त्यातल्या नव्या फळ्या तर मुळातच ओल्या होत्या. पाट आकसू लागला, पण खालच्या तीन पट्ट्यांनी त्याच्या दोन्ही कडा पक्क्या धरून ठेवल्या होत्या. डिसेंबरच्या एका रात्री मोठा आवाज झाला आणि बाईंना वाटले, माडाची झावळी पत्र्यावर पडली. सकाळी पाहिले तर बाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चिरलेला. चीर डिंकाच्या जोडावर नव्हती, एका नव्या फळीच्या मधून गेली होती. डिंक टिकला, लाकूड फाटले.

पट्ट्यांचा बाक शेजारीच उभा होता. त्यातही निम्म्या पट्ट्या ओल्या लाकडाच्या होत्या. तीन इंचांची पट्टी पावसाळा ते हिवाळा या काळात एक-दीड मिलिमीटर बदलते, आणि एक सुताची फट ते सहज पोटात घालते. फटी कमी-जास्त झाल्या होत्या, एवढेच. ओले लाकूड हा आमचा गुन्हा होता, पण तो दोन्ही बाकांत सारखाच होता. फरक फक्त इतकाच, की एकाला हलायला जागा होती आणि दुसऱ्याला आम्ही ती नाकारली होती.

गच्चीवरच्या कुंड्यांचा प्रश्न याहून गंभीर होता आणि तो कोणी विचारलाच नव्हता. एका कुंडीत नऊ घनफूट, म्हणजे साधारण अडीचशे लिटर माती होती. ओल्या मातीचे वजन घनमीटरला दीड टनाच्या वर धरले, तर एकेक कुंडी लाकडासह चारशे-साडेचारशे किलो होते, आणि ते उभे असते अवघ्या अर्ध्या चौरस मीटरवर. माणसांचा वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानक ८७५ मध्ये चल भार, म्हणजे माणसे आणि हलवता येणारे सामान यांचे वजन, चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास धरतात. स्लॅब खचली नाही, कारण आजूबाजूची जागा मोकळी होती आणि भार पसरला. पण मी हा हिशेब ऑक्टोबरात बाईंच्या ओट्यावर बसून, चहा पिता पिता, पहिल्यांदा केला, आणि चहा तसाच ठेवून माती उपसायला वर गेलो. या संपूर्ण प्रकरणातली ही एकच गोष्ट अशी होती, जिच्यामुळे कोणाच्या जिवाला धोका होऊ शकत होता, आणि ती लाकूडकामाची नव्हतीच.

नवे काम सुरू करण्यापूर्वी मी लाकडाचा ओलावा मोजायला शिकलो. ओलावामापक यंत्राच्या सुया ऐनात नीट रुतत नाहीत, वाकतात, आणि आकडा लाकडाच्या जातीनुसार दुरुस्त करावा लागतो. त्यापेक्षा स्वयंपाकघरातला तराजू आणि ओव्हन बरा. फळीच्या टोकापासून फूटभर आत एक बोटभर जाडीचा आडवा तुकडा कापायचा, लगेच वजन करायचे, १०३ अंश सेल्सिअसला तो वजन उतरायचे थांबेपर्यंत ठेवायचा आणि पुन्हा वजन करायचे. नोव्हेंबरात उरलेल्या नव्या फळीचा तुकडा २१२ ग्रॅम होता, तो १७२ वर थांबला. चाळीस ग्रॅम पाणी, म्हणजे कोरड्या वजनाच्या तेवीस टक्के. हे खरेदीनंतर आठ-नऊ महिन्यांनी! मांगराच्या तुळईचा तुकडा १५८ वरून १४० वर आला, म्हणजे तेरा टक्क्यांच्या थोडा खाली. घरात ओव्हनचा वास दोन दिवस राहिला, आणि त्याबद्दल झालेल्या चर्चेचा तपशील इथे प्रस्तुत नाही.

उरलेल्या आणि सुट्या केलेल्या फळ्या शेडमध्ये, मध्ये समान जाडीच्या पट्ट्या घालून, थप्पी करून ठेवल्या आणि टोकांना मेण फासले. लाकूड टोकाकडून फार झपाट्याने सुकते, आणि मेण नसेल तर टोके आधी चिरतात. चौदा महिने काही केले नाही. जानेवारी २०२३ मध्ये तुकडा २०१ वरून १७७ वर आला, साडेतेरा टक्के. लाकूड जितके कोरडे तितके चांगले, ही समजूत इथे उपयोगाची नाही. वेंगुर्ल्यात पावसाळ्यात उघड्यावरचे लाकूड अठरा ते वीस टक्क्यांवर स्थिरावते आणि कोरड्या महिन्यांत अकरा-बारापर्यंत उतरते. तेव्हा चौदाच्या आसपास काम केले, तर दोन्ही बाजूंना हालचाल सारखी वाटली जाते. पुण्यात मे महिन्यात सात टक्क्यांना बांधलेली वस्तू तशीच कोकणात आणली, तर ती पहिल्या पावसात फुगून अडकेल.

दरम्यान बाईंच्या पुतण्याने दुसरे लाकूड सुचवले होते. बाजारात मिळणारे मलेशियन साल, किंवा परदेशी डेकसाठी नावाजलेले दक्षिण अमेरिकेतले इपे. मलेशियन सालाची हालचालही ऐनाइतकीच त्रासदायक आहे, आणि इपेचा व्यापार नोव्हेंबर २०२४ पासून सायटिस या, धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली येणार हे २०२२ च्या पनामा परिषदेत ठरलेच होते. शिवाय मांगराचे लाकूड सोडून बाहेरचे आणायचे, तर मूळ कल्पनेलाच अर्थ उरत नव्हता. बाईंनी विषय दोन वाक्यांत संपवला.

नव्या कुंड्यांची रचना आम्ही आतून बाहेर केली. कोकणात पाणी साठवायला वापरतात ती दोनशे लिटरची निळी पिंपे (ज्यांत पूर्वी खाद्यपदार्थच होते याची खात्री करून घेतलेली) उभी चिरून अर्धी केली. अर्धे पिंप सुमारे नव्वद सेंटिमीटर लांब आणि अठ्ठावन्न रुंद होते, म्हणून पेटी आतून तीन फूट एक इंच लांब आणि दोन फूट रुंद ठेवली. माती पिंपात, लाकूड फक्त पिंपाला झाकायला, आणि दोहोंमध्ये सगळीकडे बोटभर हवा. फळ्या चार इंची, न जोडलेल्या, मध्ये दोन सूत फट. प्रत्येक फळी खांबाला तिच्या रुंदीच्या मध्यावर एकाच स्क्रूने धरलेली, भोक स्क्रूपेक्षा सैल आणि मुंडीखाली वॉशर. स्क्रू या वेळी ३१६ चेच घेतले. ३०४ आणि ३१६ दिसायला सारखे असतात, पण ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असते आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत तेच टिकते. तळाला फळ्यांऐवजी तीन आडव्या पट्ट्या घातल्या, पाणी सरळ खाली जाते. खांबांची टोके इपॉक्सीत भिजवली आणि खाली ग्रॅनाइटचे तुकडे ठेवले, कारण उभ्या खांबाचे टोक ओल्या फरशीवर टेकले की ते वातीसारखे पाणी वर ओढते.

पिंपात शंभर लिटर माती मावते. गच्चीसाठी आम्ही कोकोपीट, शेणखत आणि थोडी लाल माती असे मिश्रण केले. ओल्या अवस्थेतही एक कुंडी पेटीसह दीडशे किलोच्या आत राहते. स्थापत्य अभियंत्याने तरीही त्या भिंतीच्या माथ्यावरच, कठड्याला लागून ठेवायला सांगितल्या, आणि तशाच ठेवल्या आहेत.

पॉलिशवर बराच खल झाला आणि निष्पन्न थोडे झाले. पहिल्या वर्षी लावलेला जाड पीयू (पॉलियुरेथेन) थर भेगाळला आणि त्याखाली पाणी शिरून पांढरे चट्टे पडले. जवसाच्या तेलावर पावसाळ्यात काळी बुरशी धरली. शेवटी काहीच न लावता सोडून दिले. उन्हाने ऐन दोन वर्षांत राखाडी झाला. बाईंना आधी ते आवडले नाही, मग सवय झाली.

चिरलेला पाट त्यांनी बदलू दिला नाही. मी नवा पट्ट्यांचा बाक फुकट करून द्यायला तयार होतो, पण त्या पाटातल्या जुन्या फळ्या त्यांच्या मांगराच्या मुख्य तुळईतून निघाल्या होत्या. तेव्हा खालच्या आडव्या पट्ट्या काढल्या, त्यांत लांबट खाचा पाडल्या, पाटाचे दोन्ही भाग फक्त बाहेरच्या कडेला पक्के केले आणि चिरेकडे सरकण्यासाठी मोकळे सोडले. चिरेच्या धारदार कडा हातरंध्याने गोल केल्या. जी हालचाल आम्ही आधी अडवत होतो, ती सगळी आता त्या एका चिरेत होते. बाकाखाली पेन्सिलीने नोंदी आहेत, अक्षर बाईंचे, शाळेतल्या हजेरीपुस्तकासारखे सरळ ओळीत: फेब्रुवारी २०२४, अडीच सूत, ऑगस्ट २०२४, पोस्टकार्ड जात नाही.